30 हजारांत काटोलचं संत्रं: एका पेंडंटच्या खड्यांची निवड

निवृत्त होणाऱ्या आईसाठी मुलीला पेंडंट करून घ्यायचं होतं. हाताशी 30 हजार रुपये, जोडीदार हरवलेली एक कुडी आणि झिजून पातळ झालेली एक अंगठी. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सेवेतला शेवटचा दिवस 31 मे. मुलगी माझ्याकडे आली ती फेब्रुवारीत, म्हणजे वेळ भरपूर होता. साखळी आईच्या गळ्यात होतीच, ती घ्यायची नव्हती.

मी नागपूरच्या इतवारीत रत्नपरीक्षणाचं काम करते. खडे तपासते, आणि कुणाला एखादा दागिना मनासारखा घडवून घ्यायचा असेल तर खड्यांपासून कारागिरापर्यंत सोबत राहते. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण कमी पैशांत खडा निवडताना जे जे प्रश्न येतात ते जवळजवळ सगळे यात आले. एका ठिकाणी मी स्वतःही चुकले, तेही लिहिलं आहे.

मुलीच्या मनात माणिक होतं. कुडीत मधोमध लाल खडा, भोवती मोती. घरात सगळे त्या खड्याला माणिक म्हणत. तोच मध्यभागी ठेवू, बाजूला आणखी दोन माणकं घेऊ, असा तिचा बेत. कुडीतून खडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत वक्र रेषा दिसल्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा, आणि दोन-तीन गोल बुडबुडे. नैसर्गिक माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात, कोन करून वळतात, गोलाईत जात नाहीत. हा व्हर्नेयच्या भट्टीतला खडा होता. ज्योतीत पूड वितळवून माणिक करण्याची ही पद्धत व्हर्नेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1902 मध्ये जाहीर केली, आणि पुढे असे खडे आपल्याकडच्या कुड्या, नथी, अंगठ्यांत सर्रास बसले. रासायनिक दृष्ट्या ते माणिकच, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, फक्त जमिनीतलं नाही.

मुलगी गप्प झाली. मग तिनं विचारलं, "आईला सांगू का?" मी म्हटलं, सांगा. आजीनं तो माणिक समजून घेतला, आईनं माणिक समजून घातला, त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. पण पेंडंटच्या मध्यभागी तोच ठेवायचा का, हे आता माहीत असून ठरवा. तिनं तो कापसात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

नवं माणिक घ्यायचं तर? गळ्यात लांबून दिसेल असा, 8 मिलिमीटरचा, रंग चांगला असलेला माणिक या रकमेत येत नाही. येतो तो काच भरलेला. साधारण 2004 पासून बाजारात हा प्रकार आहे: भेगांनी भरलेल्या हलक्या माणकात शिशाची काच वितळवून भरतात, भेगा दिसेनाशा होतात, खडा एकदम देखणा होतो. 10 पटींच्या भिंगाखाली हलवून पाहिला की भेगांच्या जागी निळसर चमक उडते, काचेत अडकलेले बुडबुडे दिसतात. तो स्वस्त आहे म्हणून वाईट नाही, पण सोनाराच्या आम्लात टाकला, झाळेची, म्हणजे सोन्याचे तुकडे सांधतानाची, आच लागली, अगदी लिंबाचा रस बराच वेळ लागून राहिला तरी काच खराब होते. आई रोज घालणार, आणि पुढे कधीतरी कुणीतरी पेंडंट उजळायला देणारच. मी नको म्हटलं. या रकमेत उच्च जातीचा कमअस्सल खडा घेण्यापेक्षा साध्या जातीचा उत्तम खडा घ्यावा, हे माझं ठाम मत आहे, आणि ते मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं.

मग मी तिला खड्यांबद्दल विचारायचं सोडून आईबद्दल विचारलं. आई कुठली? काटोलकडची. माहेरी संत्र्याची बाग. लहानपणी मृगाचा बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलून हिवाळ्याअखेर पिकणारी फळं, तोडायला सगळी भावंडं बागेत. नागपूरला बदली झाल्यावरही संत्री विकत घेताना प्रत्येक फळ नखाने टोकरून वास घेणारी बाई. मुलगी सांगत होती आणि मला खडा दिसायला लागला होता. म्हटलं, पुढच्या वेळी येताना घरचं एक संत्रं घेऊन या, देठाला पान असलेलं.

चार दिवसांनी ती संत्रं घेऊन आली. माझ्या टेबलावर पांढऱ्या कागदावर ते ठेवलं आणि भोवती केशरी रंगाचे जितके खडे माझ्याकडे होते, तितक्यांच्या पुड्या उघडल्या.

पहिला सिट्रीन, आपल्याकडे सुनेला म्हणतात तो. क्वार्ट्झच्या जातीतला, कठीणपणा खनिजांच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर 7. बाजारातला बहुतेक सिट्रीन हा जांभळा ॲमेथिस्ट तापवून केलेला असतो. हा रंग टिकतो, त्यामुळे मला त्यात वावगं वाटत नाही. भाव सगळ्यांत सोपा. पण संत्र्याशेजारी तो पिवळाच वाटत होता. गडद, तांबूस तुकडा होता तो मधासारखा दिसे, फळासारखा नाही.

दुसरा गोमेद. याचा रंग जवळचा, दालचिनी-केशरी, आणि आत ती खास थरथर: उकळत्या पाकावरची हवा हलते तसं खड्यातून पाहिलं की दिसतं. मला गोमेद फार आवडतो. पण मुलगी लगेच म्हणाली, "राहूचा खडा आहे ना हा? आत्याला कळलं तर पत्रिका दाखवल्याशिवाय घालू देणार नाही." इथं मी वाद घालत नाही. ज्या घरात खड्याबद्दल धास्ती आहे, त्या घरातल्या बाईनं तो मोकळ्या मनानं घालायचा कसा? फक्त एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. ग्रहासाठी खडा घेताना सांगितलेल्या रत्तीइतकं वजन भरावं लागतं, आणि पैसे वजनावर जातात. शोभेसाठी घेताना असं कुठलंच बंधन नाही, त्यामुळे रंग आणि पैलूंवर पैसे घालता येतात. शिवाय रत्ती प्रत्येकाची वेगळी निघते. कॅरेट मात्र जगभर एकच, 200 मिलिग्रॅम. भाव नेहमी कॅरेटमध्ये मागावा.

फायर ओपल रंगाने सर्वांत जवळ होता. अगदी फोड सोलून ठेवल्यासारखा. मुलीचे डोळे तिथंच खिळले. मी पुडी बंद केली. ओपलमध्ये पाणी असतं, कठीणपणा जेमतेम 6 च्या आसपास. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या उन्हातून बाहेर जाणं, घरी येऊन कूलरसमोर बसणं, हे वर्षानुवर्षं चाललं की काही ओपलांत बारीक भेगांचं जाळं पडतं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला कदाचित दिला असता.

अकीकही होता, खंभातला, घोटून गोल केलेला. अर्धपारदर्शक, स्वस्त, टिकाऊ. माझं मन त्याच्याकडे थोडं झुकलं होतं. पण मुलीला चमकणारा, पैलू पाडलेला खडा हवा होता, आणि पेंडंट तिचं होतं.

मध्येच तिच्या भावाचा फोन आला. त्याचं म्हणणं, दोनशे रुपयांत केशरी झिरकॉन मिळतो, कुणाला कळतंय. इथं एक घोटाळा सांगितला पाहिजे. दुकानात ज्याला झिरकॉन म्हणतात, तो बहुधा अमेरिकन डायमंड, म्हणजे कारखान्यातला क्यूबिक झिर्कोनिया असतो. खरा झिरकॉन हे वेगळंच, जमिनीतलं खनिज आहे, आणि तोही केशरी मिळतो, झगमगीत असतो. पण त्याच्या पैलूंच्या कडा घासून लवकर खरबरीत होतात, नुसत्या कागदाच्या पुडीत एकमेकांवर घासूनसुद्धा. भावाला मुलीनं जे उत्तर दिलं ते मला आवडलं: "आईला कळणार नाही. पण मला रोज दिसेल ना तिच्या गळ्यात."

शेवटची पुडी स्पेसर्टाइनची. हा गार्नेट घराण्यातला, गोमेदाचा चुलतभाऊ, पण याचं केशरीपण मँगनीजमुळे. नामिबियात 1990 च्या दशकात याचे झळझळीत खडे निघाले, पुढे नायजेरियातही, आणि व्यापारात त्यांना नावच पडलं मँडरिन गार्नेट. मँडरिन म्हणजे आपलं संत्रंच. कठीणपणा 7 ते 7.5, प्रकाश वाकवण्याची ताकद सिट्रीनपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे आतून उजेड परततो तो भरपूर. आणि गार्नेटवर सहसा काही प्रक्रिया केलेली नसते. तापवलेला आहे का, तेल भरलंय का, काच भरलीय का, हे प्रश्न इथं फारसे उरत नाहीत. नवरत्नांत स्पेसर्टाइनचं नाव नाही, म्हणून आत्याचाही प्रश्न नाही.

संत्र्याशेजारी ठेवला. दोघीही काही बोललो नाही.

आता आकार. गिऱ्हाईक "तीन कॅरेटचा द्या" असं म्हणतं तेव्हा मी हातात मिलिमीटरची पट्टी देते, कारण कॅरेट हे वजन आहे आणि डोळ्याला दिसते ती रुंदी. 8 मिलिमीटर रुंद, 5 मिलिमीटर खोल गोल खडा सिट्रीनचा असेल तर साधारण दीड कॅरेट भरतो, गोमेदाचा 2.1, आणि स्पेसर्टाइनचा 2.4, कारण तो घनतेने जड. म्हणजे दोन जातींचे प्रतिकॅरेट भाव शेजारी मांडून तुलना करता येत नाही. मी नेहमी "8 मिलिमीटरचा एक नग केवढ्याला" असंच विचारते. दुसरं, कॅरेट वाढला की प्रतिकॅरेट भावही चढतो, त्यामुळे एक कॅरेटचे दोन खडे हे दोन कॅरेटच्या एका खड्यापेक्षा स्वस्त पडतात. पण इथं संत्रं एकच हवं होतं.

जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून मी चार खडे जांगडवर, म्हणजे पसंत पडेल तोच ठेवायचा या बोलीवर, मागवले. आणि इथं माझी चूक झाली.

खडे पोचले ते संध्याकाळी. टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली चारांतला सर्वांत मोठा, 3.1 कॅरेटचा, निखाऱ्यासारखा पेटला. मी उत्साहात मुलीला फोन केला, हाच घेऊया म्हटलं, रक्कम सांगितली, तिनं होकारही दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तोच खडा दाराशी उजेडात धरला तर तो तपकिरी. गडद खडा जितका मोठा आणि जाड, तितका आतला रंग साचून काळवंडतो. पिवळ्या दिव्याने तो दोष झाकला होता. इतकी वर्षं हे काम करून मी तीच चूक केली, जिच्याबद्दल गिऱ्हाइकांना बजावत असते: खडा दुकानाच्या दिव्यात पाहून ठरवू नका. मी फोन करून शब्द मागे घेतला आणि तिला दिवसा बोलावलं.

त्या दिवशी आम्ही तीन उजेडांत पाहिलं. दुकानाच्या ओट्यावर सावलीत, माझ्या ट्यूबलाइटखाली, आणि शेवटी तिच्या हाताच्या पाठीवर ठेवून, कारण पेंडंट कागदावर बसत नाही, अंगावर बसतो. 2.31 कॅरेटचा खडा तिन्ही ठिकाणी जिवंत राहिला. आत पिसासारख्या दोन-तीन रेषा होत्या, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या, आणि त्यांच्यामुळेच त्याचा भाव खाली आला होता. वर्तमानपत्रावर पालथा न ठेवता सरळ ठेवून पाहिला: खड्याच्या मधून अक्षरं वाचता आली तर खालचे पैलू उथळ आहेत, उजेड परत न येता आरपार जातो. इथं अक्षरं दिसत नव्हती. प्रतिकॅरेट 4,500, म्हणजे 10,395 रुपये.

तपासणी थोडक्यात सांगते. ध्रुवणदर्शकात, म्हणजे खड्यात प्रकाश दुभंगतो का ते दाखवणाऱ्या उपकरणात, तो एकेरी वागला, प्रकाश दुभंगला नाही; म्हणजे क्वार्ट्झ नाही, झिरकॉनही नाही. काच किंवा अमेरिकन डायमंडही एकेरीच वागतात, म्हणून पाण्यात वजन केलं: हवेत 2.31, पाण्यात 1.75, भागाकार केल्यावर घनता 4.12. क्यूबिक झिर्कोनिया साडेपाचच्या वर जातो, नेहमीची काच बरीच खाली राहते. आतल्या रेषांनी उरलेली शंका मिटवली. तरीही मी बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्यायला लावला. खडा मीच सुचवायचा आणि मीच खरा आहे म्हणायचं, हे मला पटत नाही.

पानासाठी पेरिडॉट हा सोपा पर्याय होता. जोडी चारशे रुपयांत. पण पेरिडॉटचा हिरवा पोपटी, पिवळसर. संत्र्याचं पान गडद असतं, आणि टेबलावर खरं पान होतंच. पाचूचे बारीक दाणे पाहिले. ते बहुतेक तेल भरलेले, आणि इतक्या लहान आकारात फिकट. मग सावोराइट. टांझानियात 1967 मध्ये सापडलेला हिरवा गार्नेट. मोठा घ्यायला गेलं तर आपल्या आवाक्याबाहेर, पण 5 मिलिमीटर लांब, अडीच रुंद अशी बदामी आकाराची जोडी 3,000 रुपयांत मिळाली. महाग जातीचा खडा लहान आकारात घेतला तर परवडतो, आणि लहान पानाला हिरवा रंग भरगच्चच लागतो. फळही गार्नेट, पानंही गार्नेट. मुलगी म्हणाली, एकाच झाडाची झाली की.

भोवती हिऱ्यांची कड लावायची का, असं कारागिरानं विचारलं. पैसे होते. मी नको म्हटलं. पांढऱ्या चमचमीत कडेने केशरी रंग मंद दिसला असता, आणि संत्र्याच्या भोवती हिरे कशाला? त्याऐवजी कुडीतले मोती मला खुणावत होते. संत्र्याचं फूल पांढरं असतं. सात मोत्यांतले पाच वरचा थर गेलेले, दोन शाबूत. त्यातला एक पानाच्या बगलेत, कळी म्हणून. आईच्या आईच्या कुडीतला मोती.

सोन्याचा हिशेब मुलीला समोर बसवून केला. खडे, मोती, मेण काढून कुडी आणि अंगठी मिळून 5.2 ग्रॅम. आटवल्यावर 5.1. जुनी झाळ असल्यामुळे कस 88 टक्के निघाला, म्हणजे शुद्ध सोनं साधारण 4.49 ग्रॅम. त्यात तांबं-चांदी मिसळून 18 कॅरेट (सोन्यात कॅरेट म्हणजे वजन नव्हे, शुद्धता) केलं की जवळपास 6 ग्रॅम होतं. 22 कॅरेटचा आग्रह मी धरू दिला नाही. 22 कॅरेटचं, म्हणजे 916 चं, सोनं मऊ, खडा धरणाऱ्या नख्या साडीच्या पदरात अडकून वाकतात. 750 मध्ये, म्हणजे 18 कॅरेटमध्ये, त्या ताठ राहतात, आणि सोनंही पुरतं. पेंडंट 4.8 ग्रॅमचा झाला, कीस आणि घट वजा जाता जवळपास ग्रॅमभर सोनं परत मिळालं. दोन ग्रॅमच्या वर वजन म्हणून हॉलमार्क आलाच. पाठीमागचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून मुलीनं तिथंच पडताळून पाहिला.

कामाचा क्रम कारागिराला लिहून दिला. झाळायचं सगळं आधी: कडी, देठ, मोत्याची खुंटी. मग हॉलमार्क. मग गार्नेट, कारण एकदम तापले-निवले तर ते तडकतात. मोती सर्वांत शेवटी, खुंटीवर चिकटवून, त्यानंतर आच किंवा आम्ल अजिबात नाही. मधल्या खड्याला आधी कडेने पट्टी बसवून पाठ बंद करायचं ठरलं होतं, रोजच्या वापरात सुरक्षित म्हणून. मेणाच्या नमुन्यात खडा ठेवून पाहिला तर पुन्हा तोच तपकिरीपणा डोकावला. पाठ उघडी केली, पट्टीऐवजी सहा नख्या घेतल्या. खड्यामागून उजेड आला आणि रंग परतला.

घडणावळ 9,500. आटवणं, कस पाहणं, मिश्रधातू 800. अहवाल 1,200. कर आणि हॉलमार्क धरून एकूण 26 हजारांच्या आतच राहिलो. उरलेल्या चार हजारांतून आईच्या साखळीचा झिजलेला आकडा बदलून घ्यायला लावला. तो सुटला तर पेंडंट जाणार कुठं, हे एक कुडी हरवलेल्या घराला सांगावं लागलं नाही.

31 मे ला मी नव्हते. मुलीनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की आईनं पेंडंट बघितला, चष्मा लावून पुन्हा बघितला, आणि मोत्यावर बोट ठेवून विचारलं, "हा कुडीतला ना?" लाल खड्याची गोष्ट तिनं आईला त्याच रात्री सांगितली. आई म्हणाली, तो तसाच ठेव, मला हवा आहे.

दिवाळीनंतर आई स्वतः आल्या. एका पानाची नखी पदराच्या जरीत अडकून किंचित उचलली गेली होती, ती दाबून घेतली. खडे शाबूत, मोत्याचा तजेला शाबूत. अत्तर लावून झाल्यावरच घालायचा आणि रात्री ओल्या फडक्याने पुसायचा, हे त्या पाळत होत्या. मी काम करत होते तोवर त्यांनी पिशवीतून माहेरचं आंबियाचं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या बहाराचं, एक फळ काढून टेबलावर ठेवलं, पेंडंट त्याला लावून पाहिला आणि मान हलवली.

"हा रंग आंबियाचा नाही हो. थंडी खाऊन झाल्यावर फेब्रुवारीत येतो, तो आहे. कुठल्या महिन्यात आणलं होतं हिनं संत्रं?"